स्वतःचेच निदान करणारा धन्वंतरी

कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे नाते दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी वैद्यकविश्वापुढे मांडले आणि त्याच नात्याने ज्यांना स्वतःच्या मृत्यूची चाहूल दिली, त्या आर्मां त्रुसो या फ्रेंच वैद्याच्या आयुष्याची ही कहाणी.

१८६७ सालचा पहिला दिवस. पॅरिसमधील नामवंत वैद्य आर्मां त्रुसो काही काळापासून पोटाच्या विकाराने त्रस्त होते. वय पासष्ट. दुखण्याचे मूळ निश्चितपणे हाती लागलेले नव्हते. त्या दिवशी त्यांना स्वतःच्याच अंगावर एका शिरेची दुखरी सूज दिसली. सूज तशी लहानशी. दुसऱ्या कोणी तिच्याकडे दुर्लक्षही केले असते. त्रुसो यांना मात्र तिचा अर्थ क्षणात उमगला. आपला विद्यार्थी आणि सहकारी मिशेल पेतेर याला त्यांनी शांतपणे सांगितले, की आता आपल्या आजाराविषयी कोणतीही शंका उरलेली नाही. आपण यातून उठणार नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, २३ जून १८६७ रोजी, जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्या एका सुजेवरून त्यांनी एवढा मोठा निष्कर्ष काढला, कारण तो धडा त्यांनी स्वतःच वर्गात शिकवला होता. पोटात कर्करोग दडलेला असेल, तर रक्त शिरांमध्ये आपोआप गोठू लागते, हे त्यांनी आपल्या व्याख्यानांतून मांडले होते. आज मिरजेच्या, कराडच्या किंवा मुंबईत परळच्या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाचा एकच पाय अचानक सुजला, तर डॉक्टर त्याची तातडीने तपासणी का करतात, याचे उत्तर त्रुसो यांच्या या निरीक्षणापाशी जाऊन पोहोचते. वैद्यकशास्त्रात ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तूर शहरातील शिक्षक

आर्मां त्रुसो यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८०१ रोजी फ्रान्समधील ल्वार नदीकाठच्या तूर या शहरात झाला. वडील शिक्षकी पेशातले. घरची परिस्थिती बेताची. आर्मां यांना भाषेची आणि वक्तृत्वाची उत्तम जाण होती. शिक्षण संपताच त्यांनीही वडिलांचाच मार्ग धरला आणि शातोरू येथील विद्यालयात ते साहित्य शिकवू लागले. सारे सुरळीत चालते, तर एक चांगला भाषाशिक्षक म्हणून त्यांचे आयुष्य गेले असते आणि वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव कधीच आले नसते.

तसे झाले नाही, याचे श्रेय प्येर ब्रेतोनो यांना जाते. ब्रेतोनो हे तूरच्या रुग्णालयाचे प्रमुख वैद्य. राजधानीपासून दूर, एका प्रांतिक शहरात राहून त्यांनी केलेले काम भल्याभल्या प्राध्यापकांना जमले नव्हते. रुग्ण जिवंत असताना त्याची लक्षणे बारकाईने टिपायची आणि तो दगावल्यास शवविच्छेदन करून त्या लक्षणांचे मूळ शोधायचे, ही त्यांची पद्धत होती. विषमज्वरात आतड्यांवर होणाऱ्या विशिष्ट जखमा त्यांनी याच मार्गाने ओळखल्या. घटसर्प हा स्वतंत्र रोग आहे हे दाखवून त्याला नाव देणारेही तेच. या गुरूने तरुण आर्मां यांना वैद्यकाकडे वळवले. त्याच सुमारास ब्रेतोनो यांच्या हाताखाली आल्फ्रेड वेल्पो हा एका लोहाराचा मुलगाही शिकत होता. पुढे तो फ्रान्सचा विख्यात शल्यविशारद झाला. एका लहान शहरातील एका गुरूने असे दोन शिष्य घडवावेत, ही गोष्ट गुरूविषयी पुरेसे काही सांगून जाते.

त्रुसो १८२५ मध्ये पॅरिस येथे डॉक्टर झाले. १८२८ मध्ये जिब्राल्टर येथे पीतज्वराची साथ पसरली, तेव्हा फ्रेंच सरकारने पाहणीसाठी पाठवलेल्या पथकात शेर्वँ आणि लुई या दोन ज्येष्ठ वैद्यांबरोबर सत्तावीस वर्षांच्या त्रुसो यांची निवड झाली. साथीच्या गावात जाऊन, रुग्णांच्या उशाशी बसून आणि मृतांचे विच्छेदन करून माहिती गोळा करण्याचे हे काम होते. गुरूची पद्धत शिष्याने अशी पहिल्यांदा परक्या भूमीवर वापरली.

घटसर्पाशी झुंज

त्या काळी घटसर्प हे आईबापांना थरकाप भरवणारे नाव होते. लहान मुलाच्या घशात राखाडी पापुद्रा धरे, तो खाली श्वासनलिकेपर्यंत पसरे आणि मूल डोळ्यांदेखत गुदमरून जाई. औषध नव्हते. घशाच्या खाली श्वासनलिकेला छेद देऊन तेथे नळी बसवली, तर मूल श्वास घेऊ शकेल, ही कल्पना जुनी होती. पण ती अमलात आणण्यास बहुतेक वैद्य धजावत नसत. ब्रेतोनो यांनी १८२५ मध्ये एका स्नेह्याच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया करून तिला वाचवले.

पॅरिसमध्ये ती धडाडी त्रुसो यांनी दाखवली. १८३१ पासून त्यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि पुढील काळात दोनशेहून अधिक मुलांवर ती केली. त्यांतील सुमारे एक चतुर्थांश मुले वाचली. आजच्या दृष्टीने हे प्रमाण फारच थोडे वाटेल. परंतु शस्त्रक्रियेवाचून ज्यांचा मृत्यू जवळजवळ ठरलेलाच होता, अशा मुलांविषयी हा हिशेब आहे, हे विसरता येत नाही. त्रुसो यांनी यश जितक्या मोकळेपणाने सांगितले, तितक्याच मोकळेपणाने अपयशेही सांगितली. छेद केव्हा द्यावा, नळी कशी असावी, नंतर शुश्रूषा कशी करावी, याचे बारीकसारीक तपशील त्यांनी लिहून ठेवले. त्यामुळे जी शस्त्रक्रिया एकेकाळी धाडस मानली जात होती, ती इतरांनाही शिकता येऊ लागली.

स्वरयंत्राच्या क्षयावरील प्रबंधासाठी त्यांना वैद्यक अकादमीचे पारितोषिक मिळाले. पिदू या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला औषधोपचारांवरील त्यांचा ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. छातीत साचलेले पाणी सुईने काढण्याची पद्धत रूढ करण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. १८३९ मध्ये ते पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत उपचारशास्त्राचे प्राध्यापक झाले.

याच आयुष्यात राजकारणाचा एक छोटा अध्यायही आहे. ज्या १८४८ साली साताऱ्याच्या गादीवरील आप्पासाहेब महाराजांच्या निधनानंतर ते राज्य खालसा करण्याचा निर्णय झाला, त्याच वर्षी फ्रान्समध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले. नव्या घटना समितीवर त्रुसो यांची निवड झाली. मात्र ते तेथे फार काळ रमले नाहीत. त्यांची खरी जागा रुग्णाच्या खाटेजवळच होती.

ओतेल दियची व्याख्याने

नोत्र दाम या विख्यात चर्चच्या शेजारी असलेले ओतेल दिय हे पॅरिसमधील सर्वांत जुने रुग्णालय. गोरगरिबांचा तोच आधार होता. १८५० च्या दशकाच्या आरंभी त्रुसो तेथे चिकित्सा विषयाचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत तेजस्वी पर्व सुरू झाले.

एकेकाळचा साहित्याचा शिक्षक आता आपले वक्तृत्व घेऊन वैद्यकाच्या व्यासपीठावर उभा होता. सकाळी वॉर्डात रुग्ण पाहायचे आणि मग त्याच रुग्णांविषयी सभागृहात बोलायचे, असा क्रम असे. फ्रान्समधील आणि परदेशांतील विद्यार्थी व डॉक्टर ही व्याख्याने ऐकायला येत. भाषा ओघवती, पण अलंकारांचा सोस नाही. आधी रुग्ण, मग विचार, ही शिस्त. पुस्तकातला रोग आणि खाटेवरचा माणूस यांत फरक पडला, तर माणसावर विश्वास ठेवावा, असे त्यांच्या शिकवणीचे सार सांगता येईल. आपण केलेल्या चुकीच्या निदानांची उदाहरणे ते विद्यार्थ्यांपुढे ठेवत. प्राध्यापकाने आपली चूक भर वर्गात सांगावी, ही त्या काळी सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती.

इतरांच्या शोधांना त्यांचे श्रेय देण्याचीही त्यांना आवड होती. अ‍ॅडिसन आणि ग्रेव्हज या ब्रिटिश व आयरिश वैद्यांनी वर्णन केलेल्या विकारांना त्यांची नावे रूढ करण्यात त्रुसो यांचा पुढाकार होता. मेंदूच्या आघातानंतर वाचा जाण्याच्या विकाराला आज जगभर वापरले जाणारे ‘अफेझिया’ हे नाव त्यांनीच १८६४ मध्ये सुचवले. मराठीत त्याला आपण वाचाघात म्हणतो. दंडावर दाब दिला असता हाताची बोटे विशिष्ट रीतीने आखडतात, हे लक्षणही त्यांनी टिपले. रक्तातील कॅल्शियम कमी झाल्याची खूण म्हणून ते आजही पाहिले जाते.

या व्याख्यानांचा संग्रह १८६१ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागला आणि १८६५ मध्ये त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. पुढे या ग्रंथाचे इंग्रजीत भाषांतर झाले आणि तो इंग्रजी जाणणाऱ्या डॉक्टरांपर्यंतही पोहोचला. याच ग्रंथातील एक व्याख्यान शिरांच्या एका चमत्कारिक सुजेविषयी आहे.

पांढरी, दुखरी सूज

बाळंतपणानंतर काही स्त्रियांचा एक पाय अचानक सुजतो, पांढुरका आणि तुकतुकीत होतो, प्रचंड दुखतो. युरोपात पूर्वी अशी समजूत होती, की अंगावरचे दूध पायात उतरल्याने असे होते. शवविच्छेदने होऊ लागली तेव्हा खरा प्रकार कळला: पायाकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर रक्ताच्या गुठळीने बंद झालेली असे. बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांनी याच काळात दाखवून दिले, की अशा गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर हृदयात आणि तेथून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो. चालताबोलता माणूस एकाएकी छातीला हात लावून कोसळतो, त्यामागचे एक कारण असे उलगडले.

कर्करोगाच्या रुग्णांतही पायाच्या शिरा बंद झाल्याचे काही वैद्यांनी आधी पाहिले होते. त्रुसो यांचेच देशबांधव बुयो यांनी १८२३ मध्ये तशी नोंद केली होती. तथापि गाठ वाढून शिरेवर दाब देते आणि म्हणून रक्त अडते, असे सोपे स्पष्टीकरण त्यावर देता येई.

त्रुसो यांचे वेगळेपण येथेच दिसते. त्यांच्या वॉर्डात असे रुग्ण येत, ज्यांचे पोट दुखे, अन्नावरची वासना जाई, वजन घटत जाई. पण हाताला गाठ लागत नसे. जठराची जुनी सूज आहे, व्रण आहे की कर्करोग, हे सांगता येत नसे. तेव्हा क्ष-किरण नव्हते, दुर्बीण नव्हती, रक्ताच्या आजच्या तपासण्या नव्हत्या. अशा रुग्णांपैकी काहींच्या पायाला किंवा हाताला ही दुखरी सूज येई आणि पुढे मृत्यूनंतर विच्छेदनात कर्करोग सापडे. पुन्हा पुन्हा हेच घडताना पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की निदान डळमळीत असताना ही सूज दिसली, तर कौल कर्करोगाच्या बाजूने द्यावा.

ते येथेच थांबले नाहीत. गाठ पोटात आणि गुठळी दूर दंडात किंवा पोटरीत. मग नुसता दाब हे कारण कसे असेल? शिरेचा दाह म्हणावा, तर तोही सर्वत्र आढळेना. म्हणून त्यांनी मांडले, की कर्करोगात रक्ताचाच स्वभाव पालटतो आणि ते बाहेरच्या कारणावाचून गोठण्याकडे झुकते. रक्त गोठवणाऱ्या एकाही प्रथिनाची ओळख तेव्हा नीट पटलेली नव्हती. केवळ डोळे, हात आणि विच्छेदनाचे टेबल यांच्या आधारे केलेले हे विधान पुढील शतकात प्रयोगशाळेने बहुतांशी खरे ठरवले.

निकाल

या व्याख्यानाची आवृत्ती निघून दोन वर्षे होत नाहीत, तोच लेखकावर स्वतःचेच प्रकरण वाचण्याची वेळ आली. त्रुसो यांच्या तक्रारी पोटाच्याच होत्या. ज्या डळमळीत अवस्थेत त्यांचे कित्येक रुग्ण होते, त्याच अवस्थेत आता ते होते आणि ज्या खुणेने ते रुग्णांचा निर्णय करीत, ती खूण १ जानेवारी रोजी त्यांच्या अंगावर उमटली.

इतर कोणत्याही रुग्णाला येथे आशेचा आधार असतो. निदान चुकले असेल, डॉक्टरांना नीट कळले नसेल, असे स्वतःला समजावता येते. त्रुसो यांना तीही सोय नव्हती. नियम त्यांचा होता, निरीक्षणे त्यांची होती आणि अपवाद किती थोडे असतात, हेही त्यांनाच सर्वाधिक ठाऊक होते. निदान झाल्यावर पुढे करण्यासारखे काहीच नव्हते. गुठळी विरघळवणारे किंवा वाढू न देणारे औषध नव्हते. जठराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया यशस्वी होण्यास अजून चौदा वर्षे होती. आयुष्यभर जपलेल्या ज्ञानाने त्यांना दिले ते एवढेच: सत्य इतरांच्या आधी कळले.

त्यांनी ते नाकारले नाही. पेतेर यांच्यामुळेच ही हकीकत पुढच्या पिढ्यांना कळली. गुरूच्या मृत्यूनंतर व्याख्यानांची पुढील आवृत्ती सिद्ध करण्याचे कामही पेतेर यांनी केले. योगायोग असा, की ब्रेतोनो यांचा दुसरा शिष्य वेल्पो याचेही त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, निधन झाले.

रक्त का गोठते?

त्रुसो यांनी ज्याला रक्ताचा पालटलेला स्वभाव म्हटले, त्याची कारणे आज बरीचशी उलगडली आहेत. रक्त वाहते ठेवणे आणि जखम होताच ते गोठवणे, अशी दोन परस्परविरोधी कामे शरीराला एकाच वेळी करावी लागतात. वाहत्या रक्तात गोठवणारी प्रथिने सुप्त असतात. रक्तवाहिनी फाटली, की ऊतींमधील ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचे प्रथिन रक्ताच्या संपर्कात येते आणि गोठण्याची साखळी सुरू होते. अनेक कर्करोगांच्या पेशी हेच प्रथिन स्वतःच्या अंगावर बाळगतात आणि त्याचे सूक्ष्म कण रक्तात सोडतात. जखम नसतानाही शरीराला जखमेचा संदेश मिळतो. काही गाठी श्लेष्मल द्रव्ये सोडतात, ती रक्तातील प्लेटलेटना चिकटवतात. दाहामुळे रक्तवाहिनीचे गुळगुळीत अस्तरही बिघडते.

यात उपचारांची भर पडते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अंथरुणाला खिळतो आणि पायातील रक्त संथ होते. केमोथेरपीची काही औषधे, तसेच काही संप्रेरकविरोधी गोळ्या गोठण्याची शक्यता वाढवतात. औषध देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी हीदेखील गुठळीला जागा देते. आणि क्वचित गाठ शिरेवर प्रत्यक्ष दाबही देते. म्हणजे जुने स्पष्टीकरण पूर्णपणे चुकीचे नव्हते, फक्त अपुरे होते.

परिणामी कर्करोगाच्या रुग्णाला शिरेत गुठळी होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत चार ते सात पट असतो, असे मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो सर्वाधिक असतो. स्वादुपिंड, जठर, मेंदू, फुप्फुस आणि बीजांडकोश यांच्या कर्करोगांत, तसेच रक्ताच्या काही कर्करोगांत तो अधिक. स्तनाच्या आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात तुलनेने कमी. शिरेतील गुठळ्यांच्या एकूण रुग्णांपैकी साधारण पाचांतील एकाला कर्करोग असतो. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत खुद्द कर्करोगाखालोखाल गुठळ्यांचा क्रमांक लागतो.

याचा अर्थ पाय सुजलेल्या प्रत्येकाने कर्करोगाच्या भीतीने खचावे, असा नाही. उघड कारणावाचून गुठळी झालेल्या रुग्णांची कॅनडात केलेली एक पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात त्यांतील सुमारे ४ टक्के लोकांतच दडलेला कर्करोग आढळला आणि सर्वांचे सरसकट सीटी स्कॅन केल्याने विशेष लाभ झाला नाही. त्रुसो यांचा नियमही वाट्टेल त्या सुजेसाठी नव्हता. पोटाच्या संशयास्पद आजाराने आधीच खंगत चाललेल्या माणसासाठी तो होता.

निकालाचा झाला इशारा

त्रुसो यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांना गुठळीच्या आत कर्करोगाच्या पेशी आढळल्या. याच बिलरोथ यांनी १८८१ मध्ये जठराच्या कर्करोगाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९१६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेपॅरिनचा शोध लागला. सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरतात, या शेतकऱ्यांच्या तक्रारीतून वॉरफॅरिन हाती आले आणि १९५० च्या दशकात ते माणसांना दिले जाऊ लागले.

तरीही कर्करोगाच्या रुग्णांत एक अडचण राहिली. वॉरफॅरिन घेऊनही त्यांच्या गुठळ्या पुन्हा होत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण वॉरफॅरिन वर्गातील गोळीवर सुमारे १७ टक्के, तर पोटावर टोचल्या जाणाऱ्या हेपॅरिनच्या एका सुधारित प्रकारावर सुमारे ९ टक्के आढळले. २०१८ पासूनच्या चाचण्यांनी नव्या गोळ्यांचा पर्यायही अनेक रुग्णांसाठी खुला केला. मात्र जठर व आतड्यांच्या कर्करोगात त्यांमुळे रक्तस्रावाची भीती अधिक असते, म्हणून निवड डॉक्टरांनीच करायची असते. पोटाच्या मोठ्या कर्करोग शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांना सुमारे चार आठवडे प्रतिबंधक इंजेक्शने दिली जातात, ती याच धोक्यामुळे.

१८६७ मध्ये जी सूज म्हणजे अखेरचा निकाल होता, ती आज वेळीच दिलेला इशारा ठरू शकते. परंतु इशारा वाचायला कोणीतरी पाहिजे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून हे गाव दूरदूरच्या रुग्णांचा आधार बनले. तरी माण, खटाव, आटपाडी किंवा जतच्या रुग्णाला केमोथेरपीसाठी मिरज, कराड, कोल्हापूर गाठावे लागते. कित्येकांची वाट पुणे किंवा १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जाते. एसटीत किंवा रेल्वेत तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवून झालेला प्रवास, उलट्यांमुळे कमी झालेले पाणी आणि घरी आल्यावर अंथरुण, या साऱ्यांनी रक्त आणखी संथ होते.

मग एका पोटरीला सूज येते. प्रवासाने पाय उतरले, अशक्तपणाने सूज आली, असे समजून घरचे लोक तेल लावून पाय चोळून देतात. हेतू प्रेमाचा असतो. पण गुठळी असलेला पाय चोळणे धोक्याचे, कारण तिचा तुकडा सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकतो. दोन्ही पायांपैकी एकच सुजला, पोटरी दुखू लागली, कातडी गरम किंवा लालसर झाली, नळी बसवलेल्या बाजूचा हात फुगला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीसारखीच साधी, न दुखणारी डॉपलर तपासणी बहुतेक वेळा पुरते. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, थुंकीतून रक्त पडले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, बंदही करू नयेत. जेथे शक्य असेल तेथे थोडे चालणे, पुरेसे पाणी पिणे आणि उपचार सुरू होतानाच आपल्याला गुठळीचा धोका किती, हे डॉक्टरांना विचारणे, एवढे प्रत्येक कुटुंबाला करता येते.

त्रुसो यांच्यापाशी यंत्रे नव्हती. रुग्णाच्या अंगावरील पांघरूण बाजूला सारून त्याचे पाय पाहण्याची सवय मात्र होती. पोटाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे पाय कशाला पाहायचे, असे त्यांना वाटले नाही आणि त्यातूनच एक मोठे सत्य हाती आले. त्या सत्याचा त्यांना स्वतःला काही उपयोग झाला नाही; ज्यांना तो होऊ शकतो, ते रुग्ण आज आपल्या घराघरांत आहेत. रोज रात्री त्यांच्या पायांवर पांघरूण घालण्यापूर्वी दोन्ही पोटऱ्या एकदा नीट पाहिल्या, तरी ओतेल दियमधील त्या शिक्षकाचा धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.